मातीचे बैल आणि काचेचे रंग

वेदगंगेच्या खोऱ्यात मृगाचा पाऊस स्थिरावला आणि पेरणीची घाई ओसरली, की शेतकऱ्याच्या घरी एका सणाची चाहूल लागते. महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत श्रावणी अमावास्येस पोळा होतो. कोल्हापूर प्रांती त्याच हेतूचा सण बेंदूर या नावाने त्याच्या पुष्कळ आधी येतो. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेस आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढी पौर्णिमेच्या सुमारास. कागल तालुक्यातील मुरगूड हे गाव निपाणीहून राधानगरीकडे जाणाऱ्या वाटेवर, मराठी व कानडी मुलखांच्या सीमेपासून फार दूर नाही अशा ठिकाणी वसलेले आहे. तेव्हा या दोन्ही बेंदरांची वर्दी तेथे पोहोचल्यावाचून राहत नाही.

ज्याच्या दावणीला बैल आहे तो त्यास नदीवर न्हाऊ घालतो, शिंगे रंगवितो, पाठीवर झूल घालतो आणि पुरणाची पोळी चारतो. ज्याच्या दावणीला बैल नाही, त्याच्या देवघरापुढे त्या दिवशी मातीची बैलजोडी बसते. नांगरटीस ट्रॅक्टर आल्यापासून दुसऱ्या प्रकारची घरे वाढली आहेत, आणि म्हणून ज्या सणाचे मूळ गोठ्यात आहे त्याचा पुष्कळसा भार आता कुंभाराच्या हातावर येऊन पडला आहे.

श्रोत्यांपैकी ज्यांनी ही मातीची जोडी लहानपणी हाती धरली असेल, त्यांना तिचे रूप आठवत असेल. वशिंड धडापेक्षा वरचढ, पाय आखूड आणि जाड, मान जणू नाहीच, डोळे कपाळभर पसरलेले. एखाद्याचे अंग पांढरे व शिंगे निळी, एखाद्याचे अंग तांबडे व खूर सोनेरी, गळ्यात पिवळ्या ठिपक्यांची माळ. असा बैल कोणत्याही गोठ्यात जन्मलेला नाही. तथापि घरातील म्हाताऱ्या शेतकऱ्याने, ज्याचा सारा जन्म खऱ्या बैलांची पारख करण्यात गेला, तोही या निळ्या शिंगांच्या प्राण्यास हरकत घेत नाही. तो त्यास हळदकुंकू वाहतो. मातीच्या वस्तूंतील ही जी मौज आहे, ही जी कल्पनेची मोकळीक आहे, ती कोठून येते आणि तिला आज टिकाऊ रंगाची जोड देता येईल काय, हा प्रश्न वरवर खेळण्याचा वाटला तरी त्याच्यामागे एका जुन्या धंद्याचे पोट आहे.

प्रथम त्या आकाराचा विचार करू गेल्यास असे दिसून येते, की त्यातील पुष्कळसा विनोद कुंभाराने योजलेला नसून मातीने त्याच्यावर लादलेला आहे. ओली माती म्हणजे लाकूड नव्हे वा धातू नव्हे. ओल्या चिखलाचे बारीक व लांब पाय केले तर ते धडाच्या भाराने वाकतात. म्हणून पाय आखूड होतात. मान बारीक केली तर डोके खाली लोंबते. म्हणून मान खांद्यातच बुडून जाते. शेपटी मोकळी सोडली तर वाळताना तडकते. म्हणून ती मागच्या पायास चिकटवून टाकतात. शिंगे धडाच्या आधी वाळतात, कारण ती बारीक असतात. आणि माती वाळताना आकसते, साधारण दहा-बारा बोटांच्या लांबीमागे एक बोट इतकी. धड ओले आणि शिंग कोरडे अशा स्थितीत सांधा सुटावयाचाच. याकरिता कुशल कारागीर शिंगाच्या बुडाशी जाड माती घेतो, सांध्यावर ओरखडे काढून पातळ चिखल लावतो आणि शिंगे ओल्या फडक्याने झाकून ठेवतो. इतके करून जो प्राणी सिद्ध होतो तो खऱ्या बैलाची नक्कल राहत नाही. तो मातीच्या जातीचा बैल होतो. मुलांना तो आवडतो याचे कारण हेच असावे. मूल जेव्हा स्वतः चिखलाचा बैल करते, तेव्हा तेही याच अडचणींतून जाते व याच आकाराशी येऊन थांबते.

ही माती आणावयाची म्हणजे काय, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. मुरगुडाच्या परिसरात नदीकाठचा गाळ आहे, गावास सर पिराजीराव तलाव आहे, आणि सभोवार काळी व तांबडी अशी दोन्ही प्रकारची जमीन आढळते. परंतु शेताची चांगली माती ही कुंभाराची चांगली माती असेलच असे नाही. फार काळी माती अतिशय आकसते व भेगाळते; फार वाळूची माती चिकटत नाही. म्हणून माती वाळवून, कुटून, चाळून, पाण्यात भिजत घालतात, व तिच्यात राख किंवा घोड्याची लीद मिसळून पायांनी तुडवितात. लिदीचा उपयोग मोठा शास्त्रीय आहे. तीत गवताचे बारीक तंतू असतात. ते ओल्या मातीस धरून ठेवतात, आणि भट्टीत जळून गेल्यावर त्यांच्या जागी सूक्ष्म वाटा राहतात, ज्यांतून वाफ निसटते. भरीव बैल भट्टीत फुटतो याचे कारण ही वाफच होय. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळच्या सुमारे 1700 पट जागा मागते. आणि बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या जाड धडाच्या पोटात ओल दडून बसलेली असते. म्हणून मोठा बैल आतून पोकळ करून त्याच्या पोटाखाली एक भोक ठेवतात. मुले त्यात काडी घालून पाहतात. कुंभाराने मात्र ते वाफेसाठी ठेवलेले असते.

या मातीच्या प्राण्यांचा वंश किती जुना असावा? पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वसाहतीत मातीचे एक झाकणाचे पात्र सापडले; त्यासोबत शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि एक मातीचा बैल होता. खुद्द कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर ह. धी. सांकळिया व मो. गं. दीक्षित यांनी 1945-46 साली उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष हाती आले. त्या काळी कोल्हापूर, तेर, पैठण, नेवासे या ठिकाणी पांढऱ्या चिकणमातीच्या लहान मूर्ती दोन साच्यांत दोन अर्धे थापून व मग जोडून तयार करीत असत. त्या आतून पोकळ असत. म्हणजे साचा ही कालची गोष्ट नव्हे. यांपैकी तेर हे संत गोरोबांचे गाव. संतमंडळींच्या मेळ्यात कोणाचे मडके पक्के व कोणाचे कच्चे हे गोरोबांनी थापटण्याने पाहिल्याची कथा महाराष्ट्रास ठाऊक आहे; ज्या गावच्या मातीत दोन हजार वर्षांपूर्वीची इतकी नाजूक खेळणी सापडावीत, त्या गावच्या कुंभारास कच्च्यापक्क्याची पारख असावी यात नवल ते काय!

कच्चे आणि पक्के हा भेद येथे महत्त्वाचा आहे. बेंदराचे बैल बरेचसे केवळ वाळवून रंगविलेले असतात. काही भाजलेले असतात. वाळलेल्या मातीवर पाणी पडले की तिचा पुन्हा चिखल होतो. भाजताना मात्र 450 ते 600 अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी निघून जाते, आणि तेथून परत फिरणे नाही. ती माती पुन्हा कधीही चिखल होत नाही. कुंभाराचा उघडा आवा, ज्यात शेणी, काटक्या आणि उसाच्या मुलखात पाचटही जळते, तो बहुधा 600 ते 850 अंशांपर्यंत चढतो. आव्यात हवा मोकळी खेळली तर मातीतील लोह तांबडे होते. हवा कोंडून धूर दाबला तर तेच मडके काळे निघते. रंगाचा हा पहिला चमत्कार कुंभारास फार पूर्वीपासून अवगत आहे, व त्यास एक पैही खर्च येत नाही.

परंतु तांबडा आणि काळा या दोहोंनी सणाची हौस भागत नाही. म्हणून भाजल्यानंतर, किंवा न भाजताच, वरून रंग चढवावा लागतो. पूर्वी चुना, गेरू, काजळी, नीळ, हळद ही घरगुती सामग्री बाभळीच्या डिंकात कालवून वापरीत. हे रंग मातीच्या अंगावर बसतात, अंगात शिरत नाहीत. ओल्या हाताने धरले की बोटाला लागतात. हळदीचा पिवळा उन्हात चार दिवसांत उडतो. बैल वर्षभर टिकावा अशी कोणाची अपेक्षाही नसे. पुढील बेंदरास कुंभार नवी जोडी घेऊन दारी येई आणि तिच्या मोबदल्यात त्यास सुपातून धान्य मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीची जी व्यवस्था वर्णिली आहे, तिच्यात ही देवघेव चपखल बसत होती. किंबहुना बैल न टिकणे हाच त्या व्यवस्थेचा पाया होता. कारण जो बैल फुटत नाही, तो कुंभारास पुढील वर्षी जेवू घालीत नाही.

बलुते गेले, आणि त्याच्या जागी बाजार आला. बाजारात गिऱ्हाईक निराळ्या गोष्टी पाहते. त्यास चकाकी हवी, रेखीवपणा हवा, आणि शेजारच्या दुकानापेक्षा कमी भाव हवा. या तिन्ही गोष्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिस देते. जिप्सम नावाचा दगड मंद भाजून केलेले हे पीठ पाण्यात कालवून रबरी साच्यात ओतले की थोड्याच वेळात दगडासारखे घट्ट होते. त्याला तुडविणे नाही, वाळविण्याची चिंता नाही, भट्टी नाही. ऐन पावसाळ्यात येणाऱ्या सणासाठी काम करणाऱ्या कारागिरास वाळवणीची चिंता नसणे म्हणजे किती मोठा दिलासा, हे ज्याने ओसरीत चुलीच्या उबेला बैलांच्या रांगा मांडल्या असतील त्यालाच कळेल. त्यामुळे कित्येक कुंभारांनीच प्लॅस्टर स्वीकारले, आणि त्यांना दोष देणे बरोबर होणार नाही. पण प्लॅस्टर पाण्यात सहज विरत नाही, ही त्याची दुसरी बाजू आहे. गणेशमूर्तींच्या बाबतीत ती प्रकर्षाने पुढे आली, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्लॅस्टरच्या मूर्तींस मनाई केली. त्यावर पुढे न्यायालयांत बराच वाद झाला.

प्लॅस्टरपेक्षाही एक बारीक गोष्ट आहे, ती रंगाची. तिचा उल्लेख सहसा होत नाही म्हणून येथे मुद्दाम केला पाहिजे. झगझगीत पिवळे, शेंदरी व तांबडे रंग पुष्कळदा शिशाच्या संयुगांपासून होतात. शेंदूर हे तर शिशाचेच भस्म आहे. बैलाची पूजा झाली की तो मुलाच्या हाती जातो, आणि हातातून तोंडात. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते, हे आता निर्विवाद आहे. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक असू नये असा नियम 2016 साली झाला व तो 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. तेव्हा सुटी पूड विकत घेऊन डिंकात कालविण्याऐवजी, शिसे नाही असे डब्यावर स्पष्ट छापलेला रंग घेणे यात कारागिराचा खर्च थोडा वाढेल. पण ही काटकसर करण्याची जागा नव्हे. जुन्या गेरूचुन्याचे हे एक श्रेय मान्य केलेच पाहिजे, की ते पोटात गेले तरी मेंदूस धोका नसे.

आता टिकाऊ रंगाचा मार्ग कोणता? तो झिलईचा. लोणच्याची बरणी सर्वांनी पाहिली आहे. तिच्या अंगावरची चकाकी हा रंग नव्हे, तेल नव्हे, तर ती खरोखरीची काच आहे, मातीच्या अंगावर वितळवून पसरलेली. गारगोटीची पूड हा काचेचा मुख्य घटक. पण ती एकटी वितळावयास सुमारे 1700 अंश उष्णता लागते, जी कोणत्याही कुंभाराची भट्टी देऊ शकत नाही आणि दिली तरी बैल आधी विरघळून जाईल. म्हणून तिला लवकर वितळविणारे साथीदार द्यावे लागतात: टाकणखार, सोडा, राखेतील क्षार, चुनखडी, किंवा शिसे. शिसे सर्वांत आज्ञाधारक व सर्वांत घातक; त्याचे नाव येथेच सोडून द्यावे. मातीच्या मऊ भांड्यांची झिलई साधारण 1000 ते 1100 अंशांत वितळते. घट्ट दगडी भांड्यांची 1200 च्या वर. थोडक्यात, उघडा आवा जेथे थांबतो त्याच्या पुढे झिलईची वाट सुरू होते.

या वाटेवर रंगाची जी गंमत आहे ती विलक्षण आहे. झिलईचे रंग हळदीकुंकवासारखे डोळ्यांना आधी दिसत नाहीत. कोबाल्टचे भस्म काळे असते; भट्टीतून ते गर्द निळे होऊन बाहेर येते. तांब्याचे भस्मही काळेच. टाकणखाराच्या काचेत ते हिरवे उमटते, पण सोड्याचे प्रमाण पुष्कळ असलेल्या काचेत तेच तांबे मोरपिशी निळे होते. हवा कोंडलेल्या भट्टीत तर तांबे लालही होऊ शकते. लोह मधासारखा पिवळसर तपकिरी रंग देते, मँगनीज वांग्याच्या सालीचा, आणि कथिलाचे भस्म स्वच्छ पांढरेपणा देते. चितारी काळी, राखी, गुलाबट अशी पाणीदार चिखलं ब्रशाने लावीत असतो आणि उद्या काय दिसेल ते केवळ स्मरणाने व वहीतील टिपणांनी जाणत असतो. आंधळ्याने चित्र काढावे तसा हा प्रकार. म्हणून ज्यास झिलई शिकावयाची आहे त्याने पहिले वर्ष बैल न करता केवळ लहान चकत्या कराव्या, प्रत्येकीच्या पाठीवर प्रमाण कोरावे, आणि भट्टीतून निघालेल्या चकत्या भिंतीवर ओळीने टांगाव्या. या कामात हाच पंचांगाचा तक्ता होय. पुण्यातील निर्मला पटवर्धन या भारतातील आघाडीच्या कुंभारकलावंत होऊन गेल्या. त्यांनी कुंभारांसाठी इंग्रजीत लिहिलेले हस्तपुस्तक झिलयांच्या अशाच टिपणांनी भरलेले आहे.

तांबड्या मातीवर झिलई द्यावयाची तर आणखी एक अडचण उभी राहते. काच पारदर्शक असते; खालचा तांबडा रंग वर दिसतो आणि निळ्याचा काळा, पिवळ्याचा मातकट होतो. यावर उपाय जुनाच आहे. भाजण्यापूर्वी बैलाच्या अंगावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यावयाचा, आणि त्या कागदासारख्या पांढऱ्या पृष्ठावर रंग भरावयाचे. ही पांढरी माती आणि काचेस लागणारी शुभ्र वाळू मुरगुडापासून दूर नाही. मुदाळ तिठ्यावरून राधानगरी, तेथून फोंड्याचा घाट उतरला की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. कणकवली तालुक्यातील कासार्ड्याकडची सिलिका वाळू कारखान्यांना जाते, आणि चिनी मातीचे साठेही त्या जिल्ह्यात आहेत. भट्टीस लागणाऱ्या अग्निरोधक विटांचीही तीच कथा. कोल्हापूर हे ओतकामाचे मोठे केंद्र आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथील फौंड्र्यांत 1400 अंशांहून अधिक तापलेले लोखंड रोज ओतले जाते. ज्या जिल्ह्यात इतक्या प्रखर अग्नीशी रोजचा व्यवहार आहे, तेथे 1050 अंशांच्या लहानशा भट्टीसाठी गवंडी व विटा मिळू नयेत असे होणार नाही.

अडचण साहित्याची नाही. ती काच आणि माती यांच्या संसाराची आहे. भट्टी निवू लागली की दोघेही आकसतात. काच मातीपेक्षा अधिक आकसली तर तिच्यावर जाळीदार तडे जातात. माती अधिक आकसली तर काच पापुद्र्याने सुटते. दोहोंचा मेळ बसेपर्यंत मातीत गारगोटीची पूड कमीजास्त करावी लागते, आणि त्यात महिने जातात. शिवाय झिलईच्या बैलाचा आकार निराळा हवा. वितळलेली काच खाली ओघळते. धारदार शिंगावर ती पातळ होते, डोळ्याच्या खाचेत साचते. त्याच्या खुरांना झिलई लागली तर तो भट्टीच्या फळीस कायमचा जडतो. म्हणून झिलईच्या प्राण्यास गोल अंग, बोथट शिंगे, आणि पोटाखाली कोरडी बैठक द्यावी लागते. बेंदराच्या बैलास जसा ओल्या चिखलाने आकार दिला, तसा यास वितळत्या काचेने द्यावयाचा. जुन्या बैलाची हुबेहूब नक्कल करून वर काच ओतणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशा येते.

महाराष्ट्रात असा प्रयोग पूर्वी झालेला आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची स्थापना 1857 साली झाली. तिचे एक जुने अधीक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत झिलईच्या भांड्यांचे काम उभे केले. त्यात सिंधकडील कुंभारांच्या निळ्या-हिरव्या झिलईचे कसब आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेले नमुने यांचा मिलाफ होता. त्यांच्या 'वंडरलँड आर्ट पॉटरी'च्या वस्तू भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. वस्तू देखण्या आहेत यात शंका नाही. परंतु त्यांची गिऱ्हाइके प्रदर्शनांची व साहेबी दिवाणखान्यांची होती. गावोगावच्या कुंभारवाड्यात ते कसब उतरले नाही. सिंधचा रंग व अजिंठ्याचे चित्र मुंबईत एकत्र आले, पण तेथून घाट चढून सुगडे, बोळकी आणि बेंदराचे बैल करणाऱ्यांच्या घरी कोणी गेले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेड्यातील कुंभारांनाच चाकाची, भट्टीची व झिलईची नवी विद्या शिकविण्याचे जे काम केले, ते या दृष्टीने अधिक मोलाचे म्हणावे लागेल.

अलीकडे पुण्यामुंबईच्या हौशी कलाशाळांतून रंगीबेरंगी मातीकाम करणारी मंडळी पुष्कळ झाली आहेत. पंख फुटलेला हत्ती, टोपी घातलेले मांजर, हसणारी किटली, पोटावर ठिपके असलेला मासा, असे त्यांचे प्राणिजगत असते, आणि मोठ्या शहरांतील प्रदर्शनांत एकेका वस्तूस शेकड्यांनी रुपये पडतात. त्यांचे हात कुशल आहेत व झिलयाही निर्दोष असतात. पण निळ्या शिंगांचा बैल ज्या बिनदिक्कत वृत्तीने जन्मास येतो, ती पुष्कळदा तेथे आढळत नाही. विनोद केल्याची जाणीव वस्तूच्या तोंडावर दिसते. उलट कुंभाराच्या घरी ती वृत्ती आहे आणि झिलई नाही. कुंभाराची सून बैलाचे डोळे काढताना एका झपाट्यात पन्नास बैलांचे डोळे काढते. पहिल्या व पन्नासाव्या डोळ्यांत जो फरक पडतो त्यातच त्यांचे जिवंतपण असते. हा वेग शाळेत शिकविता येत नाही.

पण हिशेबाकडे डोळेझाक करून चालणार नाही. कच्च्या रंगविलेल्या बैलास एकदा हात लागतो, आणि तो विकला जातो. झिलईचा बैल दोनदा भट्टीत जातो: एकदा नुसता भाजण्यासाठी, एकदा काच वितळविण्यासाठी. भट्टी चढविण्यास आठ-दहा तास, निवण्यास त्याहून अधिक. घाई करून दार उघडले तर थंड हवेच्या झोताने तडे जातात. शंभरांपैकी किती बैल शाबूत निघतील हे पहिली काही वर्षे कोणी सांगू शकणार नाही. इतका खर्च झालेला बैल बेंदराच्या बाजारात प्लॅस्टरच्या जोडीशेजारी मांडला तर तो विकला जाणार नाही, आणि ज्याने विकत घेतला तो पुढील वर्षी पुन्हा घेणार नाही, कारण तो फुटलाच नाही. म्हणजे सणाच्या बैलाची जागा झिलईच्या बैलाने घ्यावी हा विचारच चुकीचा आहे. सणासाठी कच्च्या मातीचा बैलच योग्य. तो स्वस्त आहे, बिनविषारी रंगात रंगविता येतो, आणि सण सरल्यावर परत मातीस मिळतो. झिलईचा बैल हा वर्षाच्या उरलेल्या महिन्यांचा धंदा होऊ शकेल. दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत, जेव्हा हवा कोरडी असते, तेव्हा तो करावा. महालक्ष्मीच्या दर्शनास कोल्हापुरी येणारे लोक बारा महिने असतात, आणि गूळ व चपलांखेरीज हाती काय न्यावे हा प्रश्न त्यांना पडतोच.

भट्टी एका घरास पेलणार नाही. चार-पाच घरांनी मिळून एक भट्टी बांधली आणि आठवड्याच्या पाळ्या लावल्या, तर ती रिकामी राहणार नाही व कर्जही अंगावर येणार नाही. उष्णता मोजण्यास महागडे यंत्र नसले तरी चालते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ झेगर यांनी 1886 साली मातीचे लहान शंकू काढले. ठरलेल्या उष्णतेस ठरलेला शंकू मान टाकतो. भट्टीच्या झरोक्यातून तीन शंकू दिसतील असे ठेवावयाचे. पहिला वाकला की सावध, दुसरा वाकला की जाळ बंद, आणि तिसरा उभाच राहिला पाहिजे. अक्षरशत्रू माणसासही ही खूण कळते, आणि कुंभाराला तर जाळाच्या रंगावरून उष्णता ओळखण्याची सवय आधीपासून असते. मंद लाल, चेरीसारखा लाल, नारिंगी, या पायऱ्या त्याच्या डोळ्यांत मुरलेल्या असतात. आव्याच्या अनुभवी म्हाताऱ्यास नारिंगीच्या पुढची एक पायरी तेवढी नव्याने शिकावी लागेल.

भट्टी निवल्यावर दार उघडते ते बहुधा पहाटे. हात लावता येईल इतके ऊबदार बैल एकामागून एक बाहेर काढतात. कोणाच्या पाठीवर झिलई जमलेली असते, कोणाची ओघळून पायापाशी हिरव्या थेंबासारखी गोठलेली असते, एखाद्याचे शिंग शेजाऱ्याच्या पोटास जडलेले असते. चितारी प्रत्येकाला पालथा करून खुरे पाहते. आणि कुंभार, त्याला झिलई ठाऊक असो वा नसो, सवयीप्रमाणे बोटाच्या पेराने बैलाच्या पोटावर टिचकी मारतो व कान देतो. नाद खणखणीत आला तर तो बैल एका बाजूला ठेवतो, बद्द आला तर दुसऱ्या.